कच्छचे अमोनाइट उचलून आणू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पर्यटन पुरवणीतला कच्छवरचा लेख वाचला. रणाचे वर्णन छान उतरले आहे. पण ‘भुजजवळच्या टेकड्यांवर शंखासारखे दगड मिळतात, आठवण म्हणून एखादा जरूर आणा’ हा सल्ला नको होता. माझी सगळी नोकरी भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुने पुसण्यात आणि त्यांच्या चिठ्ठ्या सांभाळण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवले नाही.

हे दगड म्हणजे अमोनाइट या नामशेष झालेल्या, शंखधारी समुद्री प्राण्यांचे जीवाश्म. तिथल्या ढोसा ऊलाइट नावाच्या, बारीक गोल दाण्यांच्या खडकाच्या थरात त्यांचे मायाइटिडी हे कुळ सापडते. फुगीर, जाडजूड शंख, अंगावर दाट कंगोरे आणि कंगोऱ्यांच्या फटींत अडकलेले खसखशीसारखे तांबूस दाणे. कवच झडलेले असेल, तर आतल्या कप्प्यांच्या जोडांची नागमोडी नक्षी उघडी पडते; कुळ ओळखताना आमचे सर आधी तीच भिंगाखाली धरत. वय सुमारे 16 कोटी वर्षे. कच्छ, हिमालय, मादागास्कर, पूर्व आफ्रिका, इंडोनेशिया इथे हे कुळ मिळते, युरोपात नाही. बॉम्बे इंजिनिअर्सच्या कॅप्टन ग्रँट यांनी कच्छमध्ये जमवलेल्या नमुन्यांवरून इंग्रज शास्त्रज्ञ सॉवर्बी यांनी 1840मध्ये यातल्या एका जातीचे वर्णन केले, आणि 1928मध्ये जीवाश्मतज्ज्ञ स्पाथ यांनी कुळाला नाव दिले. म्हणजे मुळात ही कच्छचीच ओळख.

आमच्या सोसायटीत एका घरी असाच एक अमोनाइट टीव्हीशेजारी आहे. वर चक्क वार्निश! कुठला म्हणून विचारले, तर ‘बस चहाला थांबली होती ना, तिथला’. टेकडी कोणती, थर कोणता, वरखाली काय होते, कशाचाच पत्ता नाही. ठिकाण आणि थर लिहिलेली चिठ्ठी नसलेला नमुना सर कपाटात घेत नसत. आपल्याकडे जिकडे तिकडे बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, त्यात असे शंख कुठले; त्यामुळे दगडात शंख दिसला की हात शिवशिवणारच, हे मी समजू शकतो. फोटो काढावा, निरखून पाहावे, आणि होता तिथेच ठेवावा.

लेखातला तो सल्ला आपण मागे घ्यावा. सहली नेणाऱ्यांनीही बसमध्ये बसतानाच प्रवाशांना तशी सूचना द्यावी. शिवाय भूवारसा स्थळांच्या जतनासाठी खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022मध्ये एका विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. त्याचा पाठपुरावा आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने जरूर करावा.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, पुणे