चि. अनिकेतला, नोकरीच्या निर्णयाबद्दल

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या शाळेतील जागेविषयी तू फोनवर जे सांगितलेस, त्यावर बाबांशी सविस्तर बोलले. पुढे अनुदान मिळेल या भरवशावर संस्थाचालक आजच देणगी मागतात आणि तू त्यासाठी नाल्याकाठचे शेत विकण्याचा विषय काढतोस, हे मला मान्य नाही. विनाअनुदानित तुकडीला अनुदान लागले तरी ते वीस, चाळीस, साठ टक्के अशा टप्प्यांनी येते, आणि त्या एकेका टप्प्यासाठी शिक्षकांना आझाद मैदानावर बसावे लागले आहे. शिवाय शालार्थ आयडीशिवाय, म्हणजे शासनाच्या वेतनप्रणालीतल्या शिक्षकाच्या ओळख क्रमांकाशिवाय, शासनाचे वेतन निघत नाही. नागपूर विभागातील बनावट आयडीची प्रकरणे २०२५ मध्ये गाजली, ती तूही वाचली असशील.

तुझी डी.एड. झाली आहे, टीईटीचे, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचे, प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य आहे, आणि ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड.धारक तुझे स्पर्धक राहिलेले नाहीत. राहिली टेट, म्हणजे भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये झाली, म्हणजे पुढची कधी येईल याचा नेम नाही. तोवर अमरावतीत शिकवण्या घे, पण अभ्यास सोडू नकोस. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून दरमहा १६,००० रुपयांतच भागवावे लागेल. त्यानंतर २९,२०० मूळ वेतनाची श्रेणी लागते.

जिल्हा परिषदेतही सारे निर्धास्त नाही. आमच्या शाळेसमोरून रोज सकाळी कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन जाते आणि तिच्या खिडकीतून आमच्याच माजी विद्यार्थ्यांची धाकटी भावंडे मला हात हलवून दाखवतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, पद जाते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून शाळा वाटपाच्या समुपदेशनात मेळघाटातल्या धारणी किंवा चिखलदऱ्याची शाळा वाट्याला आली तर नाक मुरडू नकोस. तिथे पहिलीतली अनेक लेकरे घरून कोरकू बोलत येतात आणि मराठी त्यांना शाळेतच शिकावी लागते. अशा वर्गावर नव्या शिक्षकाला अध्यापन जेवढे समजते, तेवढे कोणत्याही पदविकेत समजत नाही. तिथून आंतरजिल्हा बदली लवकर मिळेल असे मात्र धरून चालू नकोस.

संस्थेला नकार तूच कळव, बाबांना मध्ये घालू नकोस. तुझ्या नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा जुन्या प्रमाणपत्राची प्रत पाठव. बाबा कापूस विकायला दारव्ह्याला जातील तेव्हा सेतू केंद्रात चौकशी करतील.

तुझी,
आई