आधी सूत बघ

सेलू, जि. परभणी
कार्तिक पौर्णिमा

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले फ्लॅनेलच्या शर्टांचे फोटो पाहिले. "अण्णा, यातला कोणता घेऊ तेवढं सांगा" असं तू विचारायलीस, पण फोटोवरून कापड कळत नाही आणि फोनवर मला नीट समजावता येत नाही. म्हणून सविस्तर लिहायलोय. बाजारात जाशील तेव्हा हे पत्र सोबत ने.

तुझी तिकडची थंडी आपल्यासारखी नाही. परभणीचा पारा पाच-सहावर आला की पेपरात बातमी येते, पण दहा वाजता ऊन चटकायला लागतं आणि दुपारी स्वेटर खांद्यावर येतो. लुधियानाला धुकं बसलं की दिवस दिवस ऊन पडत नाही. म्हणजे शर्ट सकाळपासून रात्रीपर्यंत तुझ्या अंगावर राहणार, आणि धुतला तर वाळायला दोन-दोन दिवस घेणार. तेव्हा सगळ्यांत जाड तोच चांगला असं धरू नको. चौरस मीटरला 170 ते 200 ग्रॅम वजनाचं कापड तुला पुरे. काही ठिकाणी वजन औंसात लिहितात. पाच ते सहा औंस म्हणजे साधारण तेवढंच. आठ औंसाचा शर्ट जवळजवळ जाकिटासारखा होतो. तो हॉस्टेलच्या दोरीवर ओलाच लोंबत राहील आणि तू तो दमटच अंगात घालशील. 120-130 ग्रॅमचे स्वस्त येतात, ते आपल्या सेलूच्या हिवाळ्याला ठीक आहेत, तिकडं नाही.

आता लवेचं सांगतो, कारण सगळी फसगत तिथंच होते. फ्लॅनेलचा मऊपणा कापडातूनच उपसून काढलेला असतो. विणून झालेलं कापड बारीक तारा लावलेल्या रुळांवरून फिरवतात. त्या तारा सुतातले तंतू ओढून वर आणतात आणि त्यांची लव होते. पूर्वी लोकरीच्या कापडावर हे काम टीझल नावाच्या झाडाच्या वाळलेल्या काटेरी बोंडांनी करायचे. तू शेतकीची आहेस, ते बोंड कसं असतं ते शोधून बघ, तुला आवडेल. या लवेत हवा अडकते आणि ती हवाच ऊब धरते. पण जेवढे तंतू वर आले तेवढे सुतातून कमी झाले. कापड जितकं जास्त घासलं तितकं ते मऊ, आणि तितकंच कमजोर. दुकानात हात फिरवताच सगळ्यांत मऊ लागणारा शर्ट पुष्कळदा सगळ्यांत आधी विरतो, त्याचं कारण हेच आहे.

चांगल्या कापडात याची सोय विणतानाच केलेली असते. उभं सूत बारीक आणि घट्ट पिळाचं ठेवतात, आडवं जाड आणि सैल पिळाचं. तारा मुख्यतः आडव्या सुताला लागतात, उभं सूत कापडाला धरून ठेवतं. उभं 20 नंबरचं आणि आडवं 10 नंबरचं, ही फ्लॅनेलची एक नेहमीची बांधणी आहे. नंबर जितका लहान तितकं सूत जाड, एवढं लक्षात ठेव.

यापुढचं तर तुझ्या अभ्यासातलंच आहे. आपल्याकडच्या कापसाच्या वर्गवारीत 27.5 ते 32 मिलिमीटरचा तंतू म्हणजे लांब, आणि 20 व त्याखालचा आखूड. लांब तंतूचं एक टोक वर उपसलं तरी बाकीचा तंतू सुताच्या पिळात रुतून राहतो. आखूड तंतू उथळ मुळाच्या रोपासारखा, दोन-चार धुण्यांतच उपटून येतो. असे सुटलेले तंतू एकमेकांत गुंततात आणि कॉलरच्या खाली, काखेत, बाहीच्या आतल्या बाजूला गोळ्या दिसायला लागतात. जुन्या गावरान कापसाचा तंतू आखूड आणि भरड असायचा. गादीला, रजईला त्याच्यासारखा कापूस नाही, पण फ्लॅनेलच्या शर्टाला तो चालत नाही. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं गावरानातही लांब तंतूचे वाण काढले, हे मोठं काम झालं. जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, 170 किलोची गाठ बाहेर पडते तिचा भाव या लांबीवरच ठरतो, आणि शर्टाचं आयुष्यही. लेबलवर 'कोम्ब्ड' लिहिलेलं असेल तर आखूड तंतू विंचरून काढलेत असं समज आणि चार पैसे जास्त द्यायला मागंपुढं बघू नको.

लेबलवर काही लिहिलेलं नसेल तर हातानं बघायचं. शर्ट उलटा कर. शिवणीजवळ, जिथं कुणाचा हात लागलेला नाही, तिथं अंगठ्यानं जोर लावून पंधरा-वीस वेळा घास. लव नुसती दबली तर ठीक. अंगठ्याखाली बारीक भुरका जमला किंवा गोळ्या वळल्या तर तो शर्ट तिथंच ठेव. मग दिव्यासमोर धर. वीण सगळीकडं सारखी दिसायला पाहिजे. मध्येच विरळ पट्टे दिसले तर तिथं तारा जास्त लागल्यात. शेवटी कापड दोन्ही हातांनी आडवं-उभं ताणून सोड. जागेवर आलं तर वीण घट्ट आहे. सुतं सरकून फट राहिली तर कोपरावर आणि पाठीवर तो शर्ट महिनाभरात फाकेल. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे. पैसे आपले आहेत.

लव आतून असलेला आणि बाहेरून गुळगुळीत असलेला शर्ट तुझ्या कामाला बरा. तू गव्हाच्या प्लॉटमध्ये फिरणार. फेब्रुवारी-मार्चात ओंब्या आल्या की कुसळं दोन्हीकडून लव असलेल्या कापडाला चिकटतात आणि काढता काढता लवही निघून येते.

पॉलिस्टर मिसळलेल्या फ्लॅनेलपासून लांब राहा. पॉलिस्टरचा तंतू मजबूत असतो हे खरं, आणि घोटाळा त्यामुळंच होतो. सुती कापडावर गोळी आली तर काही दिवसांत झडून जाते, पॉलिस्टरचा चिवट तंतू तिला सोडत नाही, म्हणून ती कायमची बसते. लेबलवर विश्वास नसेल तर आतल्या शिवणीतून लोंबणारी दोन सुतं मागून घे आणि बाहेर जाऊन जाळून बघ. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो.

चौकडीचं कापड दोन्ही बाजूंनी बघ. सूत आधी रंगवून मग विणलं असेल तर चौकड्या आतून बाहेरून सारख्याच उठून दिसतात. छापलेलं असेल तर आतली बाजू फिकी असते, आणि लव झिजली की वरचा रंगही जातो.

शिलाईचं मात्र मी जरा जास्त लिहिणार, कारण चांगलं कापड वाईट शिवणीत वाया गेलेलं मला बघवत नाही. समोरच्या बटणपट्टीवर डाव्या-उजव्या बाजूच्या आडव्या रेघा एकमेकींना मिळतात का बघ. खिसा असेल तर त्याच्या रेघा छातीवरच्या रेघांत मिसळल्या पाहिजेत. काही कारागीर खिसा मुद्दाम तिरपा कापतात, तेही चालतं. रेघा जुळवायला कापड जास्त लागतं आणि वेळही जातो. ज्यानं तो खर्च केला त्यानं आतली कामंही नीट केलेली असण्याची शक्यता जास्त. मग आतून बघ. बाजूची आणि काखेची शिवण नुसती ओव्हरलॉक मारून, म्हणजे कडेवर मशीननं दोरा गुंडाळून, सोडलेली आहे की कडा आत दुमडून वरून दुसरी टीप मारलेली आहे? फ्लॅनेलचं सूत सैल असतं, त्याची उघडी कड लवकर उसवते, म्हणून दुमडलेली शिवण पाहिजे. इंचात टाके मोज. दहा ते बारा असले की झालं. सातच असतील तर शिवण ताणली की फट दिसते, आणि अठरा असतील तर सुईनं एवढं भोसकलेलं जाड कापड त्या रेघेवरच फाटतं. खांद्यावर कापड दुहेरी असावं. कॉलर आणि कफ यांत ताठपणासाठी घालतात ते बकरम डिंकानं चिकटवलेलं असेल तर धुण्यानंतर फुगे येतात. बोटांच्या चिमटीत दोन थर सुटे सरकले तर ते शिवून बसवलंय, तसं घे. बटणांचं काही नाही, सैल असली तर मी पक्की करून देईन.

शक्यतो जेंट्सच्या भागात शोध. लेडीज शर्टाला बहुतेक ठिकाणी पातळ कापड वापरतात, वरून चापून शिवतात, आणि थर्मल आत घालायला जागा उरत नाही. बटणं उलट्या बाजूला असतील एवढाच फरक. जेंट्स घेताना माप छातीवरून न घेता खांद्यावरून घे. खांद्याची शिवण हाडाच्या पुढं अर्धा इंच गेली तरी चालेल, त्याहून जास्त नको, नाहीतर हात वर केला की सगळा शर्ट वर येईल. कमरेखाली घट्ट झाला तर बाजूच्या शिवणी खालून तीन-चार इंच उघडून मी चाक, म्हणजे फट, करून देतो.

आटण्याचा हिशोब आधीच कर. 25 इंची बाही 4 टक्के आटली तर सरळ एक इंच गेली. जुन्या काळी मिलच्या कापडावर 'सॅन्फोराइज्ड' असा छाप असायचा. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकी माणसानं 1930 मध्ये पेटंट घेतलेली ती रीत आहे. कापड शिवण्याआधीच यंत्रात दाबून आटवून घेतात. आता लेबलवर 'प्री-श्रंक' लिहितात. तसं लिहिलेलं नसेल तर बाही मनगटाच्या हाडाच्या खाली इंचभर उतरेल असाच घे.

मोबाइलवरून मागवायचा तुझा विचार मला पूर्ण अमान्य नाही. हे कापड मुळात ब्रिटनमधल्या वेल्सचं, तेव्हा ते लोकरीचं असायचं. तिथल्या न्यूटाऊन गावच्या प्राइस जोन्स नावाच्या व्यापाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात टपालानं फ्लॅनेल विकून मोठं नाव कमावलं. पण हात न लावता कापड घ्यायचं तर परत करायची सोय पाहिजे. आल्यावर वर सांगितल्यासारखं सगळं बघ, आणि पटलं नाही तर भीड न धरता परत कर. त्याआधी एकदा चौडा बाजारात जाऊन ये. लुधियाना गरम कपड्यांचं शहर आहे, कापड ओळखणारी माणसं तिथं भेटतील.

पैशाचं म्हणशील तर पाचशे-पाचशेचे चार नको घेऊ. दोनच घे, पण वर लिहिलंय त्यात उतरणारे. स्टायपेंड यायला उशीर असेल तर सांग, मी पाठवतो. त्यात संकोच करायचा नाही.

एक गोष्ट काळजीची आहे, ती नीट वाच. सुती फ्लॅनेलच्या लवेवर आग फार लवकर धावते. साध्या शर्टावर ठिणगी पडली तर भोक पडतं, लवेवर पडली तर ज्योत पसरत जाते. तिकडं 13 जानेवारीच्या सुमारास लोहडी असते, मोठी शेकोटी पेटवतात. जा, मैत्रिणींबरोबर मजा कर, पण त्या दिवशी वरून लोकरीचा स्वेटर असू दे आणि बाह्या लोंबत्या नको. खोलीतल्या हीटरच्या कॉइलजवळही पाठ करून बसू नको. धुताना कपडे मऊ करणारं औषध घालतात ते यात घालू नको, त्यानं लवेला आग आणखी लवकर धरते.

धुण्याचं थोडक्यात: उलटा करून, गार पाण्यात, ब्रश न घासता. गडद रंगाचा पहिल्या वेळी वेगळा धू. मीठ किंवा तुरटी टाकून रंग पक्का होत नाही, तुझी आई काहीही म्हणो. पिळताना मुरगाळू नको. दोरीवर टाकण्याआधी जोरात झटक म्हणजे लव उभी राहते.

आणि धुक्यात पहाटे प्लॉटवर जाताना नुसत्या या शर्टावर जाऊ नको. सुती कापड दव पितं आणि ओलं झालं की ऊब धरत नाही. वाराही त्यातून आरपार जातो. आत थर्मल, मध्ये फ्लॅनेल, वरून विंडचीटर.

घेतलास की घालून दोन फोटो पाठव, एक हात खाली सोडून आणि एक दोन्ही हात वर करून. बाजूच्या शिवणीचा आतून एक जवळून काढ. पुढच्या सुट्टीला येशील तेव्हा शर्ट घेऊन ये. कोपरांना आतून अस्तराचा तुकडा लावून देईन, त्यासाठी कापड काढून ठेवलंय.

तुझा,
अण्णा