राळेतला भुंगेरा

नाशिक,
२० सप्टेंबर

प्रिय सुमे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, रागावू नकोस. कारण कळलं की तूच म्हणशील, पत्र राहू दे, आधी ते काम कर.

आठवतं ना, पिंपळगावला दादांच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर वेलींचे डोळे फुटायला लागले की आपल्याला उडद्या वेचायला लावायचे? खाली फडकं धरायचं, ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, हलवायची, की ते तांबूस चमकणारे भुंगेरे टपटप पडायचे आणि मेल्याचं सोंग घेऊन गप्प राहायचे. बाकीचे रॉकेलच्या पाण्यात जायचे, दोन-चार आपण काडेपेटीत लपवायचो. त्याच कुळातला वाटतो असा एक भुंगेरा सध्या माझ्या टेबलावर आहे. पाच कोटी वर्षांपूर्वी मेलेला.

सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतल्या राळेचा हा खडा, बोराच्या बीएवढा. प्रकल्पातल्या एका सहकाऱ्याने अभ्यासासाठी दिला. अंबर म्हण, तृणमणी म्हण, पण मला राळच म्हणावंसं वाटतं, कारण ती शालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची आहे आणि आपली पूजेच्या दुकानातली राळही शालाचीच. डिंक वेगळा. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळून जातो, राळेला पाणी काही करत नाही, म्हणून ती टिकते. ही राळ झाडातून झरली तेव्हा, पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरलीत तो लाव्हा थंड होऊन सव्वा कोटीवर वर्षं झाली होती. आपला भूखंड समुद्रातून एकटा वाहत आला, त्यामुळे इथले कीटक जगावेगळे असणार अशी बऱ्याच जणांची अटकळ होती. २०१० साली या खाणींतल्या सुमारे १५० किलो राळेतून ७०० वर कीटक आणि कोळी वगैरे मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्यांचे नातलग पार युरोप-अमेरिकेत निघाले! मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

आता माझा भुंगेरा. लांबी २.३ मिलिमीटर. पाठीवरच्या कडक पंखांवर सुईने टोचल्यासारख्या खळग्यांच्या ओळी आहेत, खांद्याजवळ खोल, शेपटीकडे जाता जाता पुसट. उजवी मिशी पूर्ण आहे, पेरं अकरा, शेवटची पाच जाडसर. डावी मिशी मी घालवली. खडा पाण्यात बुडवून बारीक पॉलिश पेपरवर घासताना चार हात जास्त फिरले आणि शेवटची दोन पेरं गेली. त्या दिवशी जेवण गेलं नाही, सुमे. पाच कोटी वर्षं जे सांभाळलं गेलं ते माझ्या हातून गेलं.

खड्यावर ग्लिसरिनचा थेंब टाकून वर पातळ काच ठेवली की ओरखडे नाहीसे होतात आणि आतलं लख्ख दिसतं. मग पाय मोजले. तळपायाला पेरं चारच दिसतात, पण तिसरं पेर दुभंगलेलं असतं आणि त्याच्या बेचक्यात एक इवलंसं चौथं लपलेलं असतं, म्हणजे मोजून पाच. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांची ही खूण, उडद्यालाही आहे. ते लपलेलं पेर सापडलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. जाती अगदी जवळच्या असल्या की खरा निवाडा नराच्या जननेंद्रियावरून होतो, आणि ते पोटात, त्यात पोटाखाली हवेचा बुडबुडा. वस्तानची राळ पुरती घट्ट झालेली नाही, काही द्रावकांत चक्क विरघळते, त्यामुळे किडा अख्खा बाहेर काढता येतो. दोघातिघांनी मला तेच सुचवलं. मी नाही म्हटलं. एकच नमुना आहे, आणि विरघळताना पाय निखळला तर परत जोडता येणार नाही. शिवाय तो कसा अडकला, पंख किती उघडले होते, शेजारी कसली धूळ होती, ही सगळी साक्ष राळेतच आहे. आधी मायक्रो सीटी स्कॅन करून, म्हणजे खडा न फोडता क्ष-किरणांनी आतलं बघायचं, असं मी ठरवलंय. त्यासाठी यंत्राची पाळी लागायला चार महिने आहेत. लागू देत.

तू विचारलंस, नाव काय ठेवणार. अजून नाव नाही, आणि नवीन जात म्हणायचंही मी अजून थांबवलंय. जगात भुंगेऱ्यांच्या चार लाखांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. त्यातल्या जवळच्या सगळ्यांशी ताडून वेगळेपण दाखवता आलं तरच नाव द्यायचं. आणि ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो कोणता, हे छापताना स्पष्ट सांगावं लागतं. तो संग्रहालयात जाईल, म्हणजे उद्या कुणालाही माझं चुकलंय का ते तपासता येईल. हे मला पटतं. तरी खडा हातातून सोडताना जीव तुटेल, हे आत्ताच कळतंय.

आता काम तुझ्याकडे. तासगावला तुमची छाटणी झाली आणि डोळे फुटायला लागले की दहा-बारा उडद्या मला हवेत, पायाची पेरं शेजारी ठेवून बघायला. फवारणीच्या आधी धर. काडेपेटीत नको, पाय मोडतात. औषधाच्या (फवारणीच्या नव्हे) रिकाम्या बाटलीत स्पिरिट भर, त्यात टाक, आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख अन् गाव लिहून चिठ्ठीही आतच टाक. शाई स्पिरिटमध्ये फुटते.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझीच,
शैला