गाल फुगवून दाखवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बाबांना लावलेली नाकातली नळी निघाली. काल जेवताना त्यांनी 'वरणात मीठ नाही' असं ऐकवलं आणि आईने 'मग स्वतः करा' म्हणून तिथल्या तिथे परतवलं. आमचं घर रुळावर आलंय. समोर येऊन आभार मानले असते तर 'माझं कामच आहे' म्हणून तुम्ही वाटेला लावलं असतं, म्हणून लिहितेय.

तुमच्याआधी जिथे स्कॅन काढला तिथे बाबा म्हणजे एक टोकन नंबर होते. 'तोंड बंद, हलू नका,' संपलं. रिपोर्टमध्ये रोग गालाचा की हिरडीचा, हाडाला लागलाय का, चावायच्या स्नायूंत शिरलाय का, सगळं 'असू शकेल'. तो कागद बघून एका बड्या सर्जनने मान वर न करता सांगितलं, 'ऑपरेशनचा उपयोग नाही.' बाबा समोरच बसले होते. जन्मभर बेस्टच्या गर्दीत तिकिटं फाडलीत त्यांनी, त्यांना ऐकू येतं हो.

तुमच्याकडे त्यांना मशीनवर झोपवून गाल फुगवायला सांगितलं. सुपारीने तोंड आखडलेलं, दोन बोटं जेमतेम शिरायची. (गुटख्याला राज्यात २०१२पासून बंदी आहे म्हणतात. बाबांना तो कधी कमी पडला नाही.) त्यांना वाटलं, आपली टर उडवतायत. माईकवरून आवाज चढायला लागला तेव्हा तुम्ही काचेपलीकडून उठून आत आलात, मास्क खाली ओढलात आणि सनईवाल्यासारखे स्वतःचे गाल टम्म फुगवलेत. बाबांना हसू फुटलं. मग त्यांनीही ओठ आवळून जमेल तेवढे फुगवले. 'अस्संच धरा काका, मी आत्ता बाहेर जाते.' रिपोर्ट हातात पडल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते, मॅडम. मी दारातून बघत होते.

नंतर तुम्ही मला स्क्रीनवर दाखवलंत. तोंड मिटलं की गाल आणि हिरडी चिकटतात, स्कॅनमध्ये एकच दिसतात. मध्ये हवा भरली की काळी फट पडते आणि गाठ कुणाची ते कळतं. बाबांची गालाची निघाली, लहानशी. हाड शाबूत. तोंड उघडत नव्हतं ते सुपारीने कडक झालेल्या आतल्या कातडीमुळे, स्नायू साफ होते.

मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, त्यामुळे खोड जात नाही. पबमेडवर, म्हणजे डॉक्टरांचे पेपर शोधायच्या साइटवर, तुमचं नाव टाकलं. रेडिओलॉजीची जर्नल्स अपेक्षितच होती, पण तितकेच पेपर डोकं-मानेच्या सर्जरीच्या जर्नलांत. जबड्याच्या हाडात रोग शिरलाय का, चावायच्या स्नायूंत शिरला असेल तर जबड्याच्या खाचेच्या खाली आहे की वर चढलाय, असे विषय. म्हणजे ज्या 'असू शकेल'वर आम्हाला घरी पाठवलं, त्यावरच तुम्ही वर्षानुवर्षं डोळे फोडताय. लेखकांच्या यादीत नाव मात्र सर्जनांच्या रांगेत कुठेतरी मधे. पहिल्याला मान, शेवटच्याला मान, मधल्याला प्रमोशनच्या वेळी कोण विचारतो? पण कुठपर्यंत कापायचं हे सर्जनला सांगणारा तो मधलाच असतो, एवढं आता मला कळलंय.

गाल फुगवण्याची युक्तीही अशीच सापडली, २००१च्या अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजीत. मशीन तेच, पैसे तेवढेच, पेशंटशी अर्धा मिनिट बोलायचं फक्त. तेवढंही आधीच्या ठिकाणी जड झालं.

मानेला गाठ लागत नसताना मान का उघडायची, यावर आई अडून बसली होती. तुमच्या एका पेपरच्या संदर्भांतून तेव्हा टाटा हॉस्पिटलात असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा २०१५चा न्यू इंग्लंड जर्नलमधला अभ्यास मिळाला. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या ग्रंथी (लिम्फ नोड) आधीच काढल्या तर ३ वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात, वाट बघत थांबलं तर ६७.५. आकडे वाचून दाखवले. 'मग विचारता काय, करा,' म्हणाली.

एक काम होतं. तुमचा खाचेवरचा पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नाही आणि आमच्या कॉलेजचं सबस्क्रिप्शन कॉमर्सपुरतं आहे. पीडीएफ पाठवाल? आणि पुढच्या एखाद्या पेपरात बाबांचा स्कॅन वापरायचा असेल तर खुशाल वापरा. ते सही करायला तयार आहेत, फक्त लेखकांत नाव कितवं लागेल ते विचारतायत.

आपली,
बाबांची थोरली