दोन दिवसांत झालेला सिनेमा उरकलेला नव्हता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भयपटांवरील पुरवणीत रॉजर कॉर्मन (१९२६–२०२४) यांची बोळवण ‘दोन दिवसांत सिनेमा उरकणारा दिग्दर्शक’ अशा एका ओळीत केली आहे. त्यातले दोन दिवस खरे आहेत, ‘उरकणारा’ मात्र खटकले.

‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०) या चित्रपटाचे सेटवरचे काम दोन दिवसांत संपले, कारण त्याआधी तालमी पक्क्या झाल्या होत्या आणि सेट दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेला आयताच मिळाला होता. शिवाय दोन कॅमेरे एकाच वेळी चालू होते. संवाद एकदाच म्हटला की दोन्ही बाजू टिपल्या जात. यात गोम अशी, की दोन दिशांनी चित्रण करायचे तर दिवे कुठल्याच एका चौकटीसाठी नेमके लावता येत नाहीत. म्हणून त्यातला प्रकाश सपाट दिसतो. विनोदी भयपटात ते खपून गेले. रस्त्यावरची दृश्ये लेखक चार्ल्स ग्रिफिथ यांच्या छोट्या युनिटने वेगळी, रात्री घेतली. दोन दिवसांच्या हिशेबात ती कोणी धरत नाही.

कॉर्मन यांचे शिक्षण स्टॅनफर्डला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचे, आणि कामाची आखणी पाहिली की ते जाणवते. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी दहा-दहा दिवसांचे दोन कृष्णधवल चित्रपट काढून जोडीने विकत असे. त्याऐवजी एकच रंगीत चित्रपट पंधरा दिवसांत करू, हे कॉर्मन यांनी गळी उतरवले आणि अमेरिकन गूढकथाकार एडगर ॲलन पो यांच्या कथेवरचा ‘हाउस ऑफ अशर’ (१९६०) झाला. कलादिग्दर्शक डॅनियल हॅलर यांनी मोठ्या स्टुडिओतले जुने सेटचे भाग स्वस्तात उचलले आणि काम झाल्यावर जपून ठेवले. पुढच्या प्रत्येक पोपटात (पक्षी नव्हे, पो यांच्या कथेवरचा चित्रपट) त्यांत भर पडत गेली, म्हणून वाडा दरवेळी मोठा दिसतो. ‘हाउस ऑफ अशर’मधल्या शेवटच्या आगीसाठी एक जुने कोठार खरोखर जाळले होते. तीच आग पुढच्या काही चित्रपटांतही भडकलेली दिसेल.

‘द पिट अँड द पेंड्युलम’ (१९६१) मधला, माणसाला चिरण्यासाठी पाते लावलेला लंबक तर मुद्दाम पाहावा. तो अठरा फूट लांब आणि टनाहून जड होता. पाते आधी रबराचे केले, पण ते नट जॉन केर यांच्या छातीवर अडकायला लागले. मग धातूचा मुलामा दिलेले टणक पाते बसवले आणि केर यांच्या कमरेभोवती पोलादी पट्टा बांधला. लंबक आणखी जीवघेणा वाटावा, म्हणून संकलकाने एकाआड एक फ्रेम काढून टाकली आणि लंबकाचा वेग पडद्यावर दुप्पट झाला. असली युक्ती उरकणाऱ्याला सुचत नाही.

उरकलेला सिनेमा पाहायचाच असेल तर ‘द टेरर’ (१९६३) पाहा. कॉर्मन यांच्याच ‘द रेव्हन’ या चित्रपटाचे सेट अजून पाडायचे होते. पटकथा अर्धवट असतानाच भयपटांतले नामांकित नट बोरिस कार्लोफ यांना घेऊन दोन दिवस चित्रण केले. हा माणूस जिन्यावरून का उतरतोय, हे पुढे ठरवू, असा प्रकार! उरलेला भाग फ्रान्सिस फोर्ड कोपोला, मॉन्टे हेलमन, जॅक हिल आणि खुद्द नट जॅक निकोल्सन अशा वेगवेगळ्या हातांनी काही महिन्यांत जोडला. धागे जुळेनात, तेव्हा निकोल्सन सहनट डिक मिलरला धरून ‘खरे काय ते सांग’ म्हणतो असे एक दृश्य नंतर घातले. त्यात मिलर सगळी भानगड तोंडाने सांगून टाकतो. इथे फसले ते कमी पैशांमुळे नव्हे. सेट होता, नट होता, गोष्ट नव्हती.

त्या फसलेल्या मालाचेही चीज झाले, पण दुसऱ्याच्या हातून. कार्लोफ कॉर्मन यांना दोन दिवसांचे काम अजून देणे लागत होते. ते आणि ‘द टेरर’चे फुटेज वापरून काहीतरी कर, असे कॉर्मन यांनी तरुण दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच यांना सांगितले. बोग्दानोविच यांनी कार्लोफना निवृत्तीला टेकलेला भयपट-नट केले आणि जुने तुकडे चित्रपटातल्याच ड्राइव्ह-इनच्या (मोटारीत बसून पाहायच्या उघड्यावरच्या चित्रपटगृहाच्या) पडद्यावर दाखवले. तो ‘टार्गेट्स’ (१९६८). आपल्या लेखात बोग्दानोविच आहेत, पण हा दुवा निसटला आहे.

आपला,
एक वाचक