आई-बाबा, त्या घराला नाही म्हणून कळवलंय

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर बाबा लगेच "थांब, मी बोलतो त्यांच्याशी" म्हणतात, मागून आईचं "अगं पण" सुरू होतं आणि माझं वाक्य तसंच राहतं, म्हणून लिहून टाकते. ते घर आपण घेत नाहीये. परवा रात्री आम्ही दोघांनी ठरवलं, काल लेखी कळवलं आणि टोकनचे पैसे आज सकाळी पूर्ण परत आले. म्हणजे आता विचार करण्यासारखं काही उरलेलं नाहीये, झालंय. आई, तू बसून वाच. आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे, नाहीतर ते मधेच उठून फोन शोधायला लागतील.

तुम्हाला मी अर्धवटच सांगितलं होतं. "६ टक्के वाढवून मागतायत, बघू" एवढंच. खरं काय झालं ते असं, की घरमालकांनी आपला भाव कबूल केला, मेसेजवर "फायनल" लिहून पाठवलं, टोकन घेतलं, पावती दिली. मग आमचे तीन आठवडे धावपळीत गेले, वकिलाकडून कागद तपासून घेतले, बँकेचा माणूस घर बघून गेला, कर्ज मंजूर झालं, पुढच्या आठवड्यात करारावर सह्या करायच्या होत्या. आणि तेव्हा एजंटचा फोन, की मालकांना दुसरीकडून जास्त ऑफर आलीये, तुम्ही ६ टक्के वाढवलेत तर घर तुमचंच. मी म्हटलं ती ऑफर लेखी आहे का, बघायला मिळेल का, तर म्हणे तसं दाखवता येत नाही. खरंच कोणी होतं की नव्हतं देव जाणे. नंतर मालकांना मी स्वतः फोन केला तेव्हा त्यांनी ऑफरचं नावच काढलं नाही, म्हणाले मुलगा चिडलाय, शेजारचं घर जास्त भावाने गेलं आणि तुम्ही एवढ्यात कसं दिलंत म्हणून घरात भांडणं चाललीयेत. आवाज इतका ओशाळलेला होता त्यांचा की मला क्षणभर त्यांचंच वाईट वाटलं. लबाड माणूस नाही वाटला मला अजूनही. दिलेला शब्द पेलवला नाही त्यांना, बस.

बाबा, तुम्ही म्हणालात ६ टक्केच तर आहेत, घर माणूस आयुष्यात एकदाच घेतो, मी ठेव मोडतो. पहिल्या रात्री मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मग तुमच्या जावयांनी कागदावर हिशोब मांडला, तो तसाच देते, तुम्हीही कागद घेऊन बसा. घराची किंमत १०० धरा. बँक ८० देणार होती, आपले २०. आता मालक म्हणतात १०६. पण बँकेच्या माणसाने घराची किंमत १०० लावलीये, आणि ठरलेला भाव आणि त्याने लावलेली किंमत यातलं जे कमी असेल त्यावरच बँक कर्ज देते, त्यामुळे बँकेचे ८० ते ८०च. वरचे ६ सगळेच्या सगळे आपल्या खिशातून. म्हणजे २० चे २६ झाले. घर ६ टक्क्यांनी महागलं पण आपल्याला भरायचे पैसे ३० टक्क्यांनी वाढले बाबा! वर सरकारी शुल्क आणि एजंटची फी, ती पण वाढलेल्या भावावर. हा फरक कुठून येणार होता ते मला माहितीये आणि तुम्हालाही माहितीये. तुमच्या ठेवीतून. ती ठेव तुमच्या दुखण्याखुपण्यासाठी आहे, आईच्या दुसऱ्या डोळ्यासाठी आहे, कोणाच्यातरी घरातलं भांडण मिटवण्यासाठी नाहीये.

आणि तरीही मी लगेच नाही म्हटलं नव्हतं, हे पण सांगते, म्हणजे "तडकाफडकी तोडलंस" असं व्हायला नको. आम्ही लेखी पाठवलं की भाव ठरलेलाच राहील, पण तुम्हाला घाई असेल तर सह्या आम्ही याच आठवड्यात करतो, गळतीचं काम आणि रंग तुम्ही करून द्यायचा होता तो आमचा आम्ही करतो, घर रिकामं करायला महिनाभर जास्त घ्या, आणि दोन दिवसांत कळवा. म्हणजे पैसा सोडून बाकी जे देता येत होतं ते सगळं दिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चला ४ टक्के करा.

तुमचे जावई तेव्हा थोडे डळमळले. मी नाही. कारण ६ चे एका रात्रीत ४ झाले याचा अर्थ ती दुसरी ऑफर वगैरे काही नव्हतं, किंवा असली तरी तिच्यात दम नव्हता. आणि मुख्य म्हणजे ज्याने हो म्हणून एकदा वाढवला तो सहीच्या आदल्या दिवशी परत वाढवणार नाही कशावरून? तेव्हा तर आपण अजून अडकलेले असतो. तेव्हा भाड्याचं घर सोडलेलं असतं, सामान खोक्यांत, छोटीच्या शाळेचा अर्ज भरलेला, आणि तुम्ही दोघं बॅगा भरून दारात. मग १० म्हणाला असता तरी दिले असते. वकिलाची फी, बँकेची फी, ते गेले. दुखतं, नाही असं नाही. पण गेलेल्या पैशाच्या मागे अजून पैसे कशाला पाठवायचे.

कोर्टात खेचू म्हणालात, तेही विचारलं हो वकिलांना, तुमच्या समाधानासाठी. त्यांनी पावती बघितली, त्यात भाव लिहिलाय पण सह्या कधी करायच्या ती तारीख नाही, बाकीच्या अटी नाहीत. लढता येईल म्हणाले, पण वेळ किती जाईल सांगता येत नाही आणि तोवर त्याच घरात जीव अडकून बसणार. मालकाने माघार घेतली तर टोकन पूर्ण परत, ही एक ओळ मात्र मी तेव्हा हट्टाने लिहून घेतली होती, आणि "इतकं काय संशय घ्यायचा" म्हणून बाबा तुम्हीच मला हसला होतात, आठवतंय ना? असो. पुढच्या वेळी पावतीत तारीख पण घालीन, आणि भाव ठरला की आठवड्याच्या आत करार, तीन आठवडे मोकळे सोडायचे नाहीत.

बाबा, तुमच्या शब्दांच्या वहीसाठी एक सापडलं. इंग्लंडमध्ये या प्रकाराला गझम्पिंग म्हणतात. तिथे विकणाऱ्याने हो म्हटलं तरी दोन्हीकडच्या सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेलं नसतं, मधले आठवडे सगळे जीव मुठीत धरून बसतात. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये दोन्हीकडच्या वकिलांची पत्रं पूर्ण झाली की व्यवहार पक्का, म्हणून तिथे हे बरंच कमी होतं म्हणे. आणि गंमत म्हणजे घेणारा शेवटच्या क्षणी भाव पाडतो त्याला पण शब्द आहे, गझंडरिंग. म्हणजे दोन्ही बाजूंनी चालतं. लिहून ठेवा दोन्ही.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. आईने परवा रात्री हळू आवाजात विचारलं ना, की आमच्यामुळे झालं का गं हे, मी त्या खिडकीपाशी उगाच पडद्याचं माप घेत बसले म्हणून. आई, नाही. तू वितीने माप घेत होतीस, एक, दोन, अडीच, मोजताना ओठ हलत होते तुझे, माझ्या शाळेच्या फ्रॉकचं माप घेताना हलायचे तसे, आणि मी दारात उभी राहून बघत होते आणि मला वाटलं बस, हेच घर. मालकांनीही बघितलं असेल कदाचित. बाबा त्यांना म्हणाले की आता दुसरं घर बघायचं नाही, गुडघ्यासाठी तळमजला मिळाला, सुटलो. तेही ऐकलं त्यांनी. पण खरी चूक माझी आहे. भाड्याच्या घराची नोटीस दिलीये आणि दोन महिन्यांत हलायचंय हे एजंटला मी सांगितलं, तोंड उघडं टाकून, तुम्ही यायच्याही आधी. आपल्याला घाई आहे हे समोरच्याला कळलं की संपलं. तुम्ही दोघं फक्त खूश झालात. त्यात काय चूक. तुम्ही खूश झालेलं बघायलाच तर चाललं होतं सगळं.

आपल्या घराच्या वेळेस त्या मास्तरांनी दिलेला शब्द पाळला, तसं सगळेच करत नाहीत, बाबा. तुम्ही अजून सगळ्यांना मास्तरांच्या मापाने मोजता. मला ते आवडतं, आणि त्याचीच भीती पण वाटते.

बरं, आता तुमच्या येण्याचं. ते रद्द झालेलं नाहीये. परत वाचा. रद्द झालेलं नाहीये. नोटीस मागे घेतलीये, आमच्या घरमालकीण बाईंनी अजून वर्षभर राहा म्हणून सांगितलं. माझी कामाची खोली तुमची करतेय, माझं टेबल हॉलमध्ये गेलं पण. हो, तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे, आणि ती बंद पडली तर सुरू होईपर्यंत बाबांनी खाली जायचं नाही एवढाच नियम. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय, एक आत आणि एक कमोडपाशी, खाली रबरी चटई टाकलीये. सकाळचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी येतं, पायावर घेता येईल. रेडिओसाठी उशाशी सॉकेट आहे, वायर ओढत न्यायला नको. रात्री उठलात तर वाटेत छोटा दिवा राहील. आईचं शिवणयंत्र बाल्कनीच्या दारापाशी, तिथे डाव्या बाजूने उजेड येतो, मी स्वतः सुई ओवून बघितली. छोटीने तर भिंतीवर "आजीची जागा" म्हणून कागद चिकटवलाय, तो उलटा लागलाय पण काढू देत नाही.

हे तळमजल्याच्या घराइतकं चांगलं नाही, मला कळतंय. अंगण नाही. बाबांना कुंड्यांवर भागवावं लागेल. पण घर शोधणं आम्ही थांबवलेलं नाही, फक्त आता जीव न टांगता शोधू, आणि यावेळी एकाच घरावर न अडकता दोन-तीन नजरेत ठेवून. आणि आवडलं तरी तोंडावर दाखवायचं नाही, हे आपण चौघांनी आरशासमोर शिकायचं, बाबांना सगळ्यात जास्त सराव लागेल.

काल रात्री झोप येईना तेव्हा उगाच आठवलं, मला ताप असला की बाबा तुम्ही कपाळावर हात ठेवून म्हणायचात "काही नाही, उतरतोय", उतरत नसला तरी. मला पण तसंच म्हणायचंय तुम्हाला.

आता नीट ऐका, दोघंही. बाबा, ठेव मोडायचा फॉर्म आणला असेल तर फाडून टाका, ड्रॉवरमध्ये जपून नाही, फाडून. मालकांचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे तो काढून टाका, तुम्ही त्यांना समजावायला जाल आणि वर त्यांच्या मुलाचं गाऱ्हाणं ऐकून घेऊन याल, ओळखते मी तुम्हाला. खोकी उचलायची नाहीत, एकही नाही, दादा रविवारी येतोय, त्याला उचलू दे. सकाळची बीपीची गोळी फिरायला जायच्या आधी, येऊन नाही. आई, डोळ्यांत थेंब घालताना स्वतः घालू नकोस, निम्मे गालावरून जातात. आत्याने विचारलं तर एवढंच सांगा की नाही जमलं, सगळी कथा सांगितलीत तर ती तीन ठिकाणी फिरून माझ्याकडे वेगळीच होऊन येते. आणि माझ्यापाठी "हातचं सोडलं पोरीने" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मला ऐकू येणार नाही अशा बेताने म्हणा फक्त.

रागावला असाल तर एक दिवस रागवा. परवा रात्री मी फोन करते, तेव्हा साधं बोलायचं.

तुमची,
चिमू

ता.क. बाबा, आरामखुर्ची हातांसकट किती रुंद आहे ते टेपने मोजून पाठवा, आईच्या वितीने नको. आमच्या खोलीचं दार २९ इंच आहे, खुर्ची बसली नाही तर हात सोडवून आणावे लागतील, दादाला पाना आणायला सांगते.