वॉरंटी विकतानाच गाडी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याच्या सांगण्यावरून मी वेगळे पैसे भरून तिसऱ्याच कंपनीची वॉरंटी घेतली. "इंजिन, गिअरबॉक्स सगळं कव्हर आहे," असे त्याने सांगितले होते. पाचव्या महिन्यात तापमानाचा काटा वर चढला. मी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली, पण तोवर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधला सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेले होते. वॉटर पंपाच्या सीलमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, गळून इंजिन तापले, असे मेकॅनिकचे निदान.

हेड गॅस्केट वॉरंटीच्या यादीत आहे. तरी क्लेम नामंजूर झाला. गळती हा म्हणे 'आधीपासूनचा दोष', आणि त्यापायी झालेले नुकसान करारात बसत नाही. त्यात करारातली दुसरी अट अशी, की निर्णयाआधी इंजिन उघडून दाखवायचे आणि ती मजुरी क्लेम मंजूर झाला तरच मिळणार. म्हणजे उघडलेले इंजिन आणि त्याचे बिल, दोन्ही माझ्याच गळ्यात. तपासनिसाची वाट पाहण्यात गॅरेजची जागा अडली ती वेगळीच.

दोष आधीपासून होता, तर वॉरंटी विकतानाच तो का सापडला नाही? सील गळू लागले की पंपाच्या बारीक भोकापाशी सुकलेल्या कूलंटचा रंगीत थर साचतो. कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट काही मिनिटांत होते, स्कॅनरने एरर कोडही तेवढ्याच वेळात दिसतात. माझ्याकडून पैसे घेताना कोणी बॉनेटसुद्धा उघडले नाही. याचा मला मनापासून संताप येतो.

वॉरंटी देण्याआधी कंपनीने गाडी तपासावी, जे सापडेल ते फोटोंसह लिहून ग्राहकाला द्यावे आणि तेवढेच वगळावे. त्या कागदावर नसलेला दोष जुना होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असावी. तपासणी केलीच नसेल, तर 'आधीपासूनचा दोष' हे कारण तिला वापरता येऊ नये. असा नियम व्हावा, ही माझी मागणी आहे.

अशा वादात सापडलेल्या वाचकांना एवढेच सांगेन, की नकार फोनवर ऐकून घेऊ नका, कलमाच्या क्रमांकासह लेखी मागा. सर्व्हिसची बिले जपा. काढलेले भाग भंगारात जाऊ देऊ नका. माझा पंप आणि गॅस्केट मी घरी ठेवले आहेत. स्वतंत्र तज्ज्ञाकडून फेरतपासणी व्हावी असे पत्र कंपनीला दिले आहे, उत्तर अजून आलेले नाही.

आपला,
एक वाचक